डाव्या बाजूचा मडगार्ड

आमच्या मागच्या पडवीत भिंतीला एक अॅल्युमिनियमचा मडगार्ड टांगलेला आहे. नवा पाहुणा आला की त्याची नजर तिकडे जाते, आणि आई त्याने विचारायच्या आतच सांगते, "मिरच्या वालवायचा भांडा हाय." ते खोटंही नाही. चैत्रात तो खाली उतरवून उताणा ठेवला की त्यात दोन किलो मिरच्या आरामात बसतात. पण मुळात तो एका इटालियन स्पोर्ट्स कारसाठी घडवलेला आहे आणि तशी कार साऱ्या जगात एकच आहे, असं मी सांगायला लागले की पाहुणे माझ्याकडे जरा काळजीने बघतात. मास्तरीण बाई, मुलांना शिकवून शिकवून डोक्यावर परिणाम झाला असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर असतं.

तो मडगार्ड माझ्या बाबांनी ठोकला. त्यातली चूक अर्धी त्यांची आणि अर्धी माझी आहे. माझी अर्धी जरा मोठीच.

बाबा पत्र्याचे कारागीर होते. भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका गॅरेजात त्यांनी उभं आयुष्य ट्रकच्या बॉड्या बांधल्या. आताच्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण तेव्हा ट्रक कंपनीतून अर्धाच यायचा. चाकं, इंजिन, स्टिअरिंग, आणि वर नुसतं आभाळ. तिला चासी म्हणत. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला पंचा गुंडाळून, काळा चष्मा लावून ती चासी कुठून कुठून चालवत आणायचा आणि बाबांच्या गॅरेजासमोर लाल डोळ्यांनी उतरायचा. मग तिच्यावर केबिन, बाजूचे फाळके, वरचा टप असं सगळं चढायचं. केबिनच्या कपाळाला बाबा एक विशिष्ट बाक द्यायचे. लहानपणी मला वाटायचं की हायवेवरचे सगळे ट्रक माझ्या बाबांनीच बनवलेत, आणि शाळेत मी तसं सांगितलंही होतं.

हे काम त्यांना निजामपुऱ्यातल्या एका उस्तादांनी शिकवलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते फार म्हातारे होते, लूमच्या खडखडाटात ओट्यावर बसून नुसत्या खुणांनी बोलायचे. बाबा आगरी कुटुंबातले, वडप्याला भातशेती, घरात कुणी हातोडी धरलेली नाही. उस्तादांनी त्यांना पहिले सहा महिने फक्त पत्र्यावरून हात फिरवायला लावला होता. त्यांचा एक मंत्र होता आणि बाबा तो नमाजी माणसाच्या निष्ठेने पाळायचे: "दायाँ-बायाँ एक, तो कारीगर नेक." डावी बाजू उजवीसारखी हवी, सुतभर फरक चालणार नाही. बाबा घरी पापड लाटताना बघूनसुद्धा आईला म्हणायचे, "ह्या बाजूला जास्त झाला." आई लाटणं दाखवायची.

मग कंपनीतूनच तयार केबिनचे ट्रक यायला लागले आणि बाबांचं काम आटत गेलं. आमच्या भाताच्या शेतावर गोदाम उभं राहिलं, त्याचं भाडं यायला लागलं, खायची ददात राहिली नाही. पण बाबा दुपारी वडप्याच्या नाक्यावर चहाच्या टपरीवर जाऊन बसायचे आणि ट्रक बघायचे. मला वाटायचं, वेळ घालवतात. एकदा मी बरोबर होते, तेव्हा एक खिळखिळा ट्रक विटा घेऊन गेला आणि बाबा एकदम उठून उभे राहिले. केबिनच्या कपाळावरून त्यांनी ओळखला. त्यानंतर बरीच वर्षं तसा एकही दिसला नाही. सगळे भंगारात गेले होते.

"माजी एक बी गारी रस्त्यावर न्हाय आता," ते एका संध्याकाळी म्हणाले. "मानूस मेला तर पोरा उरतात. माजा काम कुटं हाय?"

मी समोर बसले होते, म्हणजे पोर उरलेली होती. मला राग आला. पण त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. आपल्या हातचं काहीतरी एक मागे राहावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याच सुमारास मुंबईच्या एका शेटने आमच्या गोदामातला एक गाळा भाड्याने घेतला. सगळे गाळे खोक्यांनी भरलेले असायचे, ह्याच्यात मात्र कापडाखाली जुन्या मोटारी होत्या. पावसाआधी पत्रे गळतात का बघायला बाबा तिथे गेले आणि मी किल्ल्या घेऊन मागे गेले. शेट तिथेच होता. माणूस हौशी, कुणी बघणारं मिळालं की खूश. त्याने एका मोटारीवरचं कापड ओढलं.

मला मोटारीतलं काही कळत नाही. तरीही माझ्या तोंडून वा निघालं. फिकट राखाडी रंगाची, कमरेइतकीही उंच नसलेली, लांब नाकाची दोन माणसांची गाडी. तिच्यावर कुठे नजर अडतच नव्हती. पुढच्या चाकावरून निघालेला बाक दाराच्या कडेला उतरून मागच्या चाकावर पुन्हा चढत होता. बाबांनी मात्र वा म्हटलं नाही. ते उजवीकडे गेले, पुढच्या मडगार्डवर बोटाच्या पेराने टकटक केलं. मग वळसा घालून डावीकडे आले आणि तिथे टकटक केलं.

"शेट, ही बाजू खोटी हाय," ते म्हणाले.

शेट चाट पडला. डावा मडगार्ड खरंच फायबरचा होता. पूर्वी कधीतरी गाडी ठोकली गेली होती, आणि मूळचा चेपलेला पत्रा फेकून मुंबईच्या कुठल्याशा गॅरेजने ते थिगळ लावलं होतं. शेट म्हणाला, "काका, परदेशात पाठवून करून घ्यायचा विचार आहे." बाबा म्हणाले, "कनाला?" म्हणजे कशाला. ह्या एका शब्दावर ते काम ठरलं.

शेटने गाडीची फाइल दिली. चांगली जाड, इटालियनवरून इंग्रजीत केलेली. बाबांना इंग्रजी येत नाही, आणि मी शाळेत इंग्रजी शिकवते. तेव्हा दर रविवारी दुपारी जेवण झालं की पडवीत मी वाचून मराठीत सांगायचे आणि बाबा भिंतीला टेकून ऐकायचे. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या दुपारी कुठल्या, असं मला कुणी विचारलं तर मी त्याच सांगेन. तेव्हा मात्र मी घड्याळाकडे बघत होते.

गाडीची गोष्ट अशी होती. इटलीत एका कंपनीने वेगवान गाडीची चासी बनवली, इंजिनासकट. उत्तरेकडच्या एका कापडगिरणीच्या मालकाने ती घेतली आणि तोरिनो शहरातल्या एका बॉडी बांधणाऱ्याकडे धाडली, की माझ्यासारखी दुसऱ्या कुणाकडे नको. एवढं ऐकून बाबा उठून बसले.

"म्हंजे चासीवाला येगला आनि बॉडीवाला येगला? आपल्यासारकाच?"

"तसंच."

"मंग चासी चालवत आनली असंल. खोक्यावर बसून."

फाइलमध्ये तसं काही नव्हतं. पण त्यांच्या डोळ्यासमोर तोरिनोच्या रस्त्यावर पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर दिसत होता आणि मी तो पुसला नाही.

चित्रकाराने आधी तीन चित्रं काढली. पहिल्यातलं नाक फार टोकदार म्हणून गिरणीवाल्याने नाकारलं. दुसऱ्यात दिवे काचेआड होते, ते आवडले, पण शेपूट लांब वाटली. तिसऱ्यात पहिल्याचा बाक, दुसऱ्याचे दिवे आणि आखूड कापलेली शेपूट असं जमलं. मग सुतारांनी गाडीच्या मापाचा लाकडी सांगाडा केला आणि पत्रेवाल्यांनी झाडाच्या बुंध्यावर, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून त्या सांगाड्यावर बसवत नेला. मोटारींच्या प्रदर्शनात लोकांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. शेजारी एक लाल गाडी होती, गर्दी तिच्याभोवती. दुसरी कुणी मागितली नाही, म्हणून ती एकच राहिली. पुढे इंजिन तापायचं म्हणून मालकाने तिचं तोंड थोडं रुंद करून घेतलं. नंतर मुंबईचा एक गिरणीवाला तिच्या प्रेमात पडला आणि तिला बोटीत घालून घेऊन आला. कापडवाल्याकडून कापडवाल्याकडे, आणि शेवटी लूमवाल्या भिवंडीत. बाबा म्हणाले, "बरोबर जागी आली."

मधे एका रविवारी माझ्यापुढे सहामाहीचे पेपर होते, नववीचे दोन वर्ग. फाइलमध्ये पत्रेवाल्यांबद्दलची पानं आली. बाबांनी विचारलं, "पुरं काय लिवलंय?" मी चाळल्यासारखं केलं आणि म्हटलं, "तेच ते आहे हो. ठोकलं, बसवलं." फाइल मिटून मी लाल पेन घेतलं.

बाबांनी काम सुरू केलं ते मागच्या पडवीतच. अॅल्युमिनियमचा पत्रा नरम करायला त्यावर साबण चोळून गॅसची ज्योत फिरवतात. साबण काळा पडला की पुरे, आणखी तापवला तर पत्रा वितळून हातात येतो. आईचा कपड्याचा साबण रोज गायब व्हायला लागला. "गारी धुताय का बनवताय?" ती विचारायची. लाकडी मोगरी, वाळूची पिशवी आणि बाबांचा हात. इतक्या वर्षांनी घरात तो आवाज आला तेव्हा मला अगदी लहानपणासारखं वाटलं. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच तो ऐकू यायचा आणि मी उगाच भराभर चालायचे.

उजव्या मडगार्डवरून त्यांनी पुठ्ठ्याचे फर्मे कापले, ते उलटे केले आणि डावा घडवला. दायाँ-बायाँ एक. बसवताना फक्त बॉनेटची डावी कड जरा वर राहत होती. "मुंबईवाल्यांनी वाकवलाय बॉनेट," बाबांनी निकाल दिला. मुंबईच्या गॅरेजवाल्यांबद्दल त्यांचं मत आधीपासूनच फार चांगलं नव्हतं. मूळच्या पत्र्याला हातोडी लावायचा धीर मात्र त्यांना झाला नाही, म्हणून त्यांनी मडगार्डखाली दोन वायसर घालून कड जुळवून घेतली. शेटने येऊन बघितलं, चारी बाजूंनी फिरला, आणि बाबांचे दोन्ही हात हातात घेतले. बाबा घरी आले ते नाक्यावरून पेढे घेऊनच. "आता एक काम उरंल," ते आईला म्हणाले.

फाइल परत करायची म्हणून मी ती उघडली, आणि मिटलेली पानं वाचली.

पत्रेवाले दोघे होते. एकाने उजवी बाजू ठोकली, दुसऱ्याने डावी. चित्रकार, मालक, इंजिनवाला, सगळ्यांची नावं फाइलमध्ये होती. ह्या दोघांना नुसतं 'दोन कारागीर' म्हटलं होतं. डावीकडच्याचा हात वेगळा पडला. त्याचा बाक चाकावर बोटभर जास्त चढला आणि दाराकडे जरा उशिरा उतरला. चित्रकाराने खडू घेऊन खूण करायला सुरुवात केली. मग तो ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसला. स्टिअरिंग डावीकडे, समोर बघताना त्या माणसाला सगळ्यात जवळ दिसणार तो डावा मडगार्ड. तो थोडा वेळ बसला, बाहेर आला आणि खडू खिशात टाकून म्हणाला, राहू द्या.

बॉनेट कुणीच वाकवलेलं नव्हतं. बाबांनी अगदी बिनचूक मडगार्ड बनवला होता, आणि म्हणूनच तो चुकला होता.

आठ दिवस मी बोलले नाही. घरात पेढे होते. बाबा शेजाऱ्यांना बोलावून सांगत होते. कुणाला कळणार आहे, असं मी स्वतःला समजावत होते, आणि वर्गात मुलांना प्रामाणिकपणावर निबंध घालत होते. शेवटी नवव्या दिवशी जेवताना सांगून टाकलं.

बाबांचा घास हातातच राहिला. "तू वाचला न्हायस?"

"पेपर होते, बाबा."

ते ताटावरून उठले. मी लहान असतानासुद्धा ते कधी ताटावरून उठले नव्हते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "किल्ली घे."

गाळ्यात जाऊन ते पहिल्यांदाच गाडीत बसले. तोवर शेटने कितीदा म्हटलं तरी ते बसले नव्हते. आपले कपडे कामाचे, म्हणायचे. गुडघे दुमडून कसेबसे आत शिरले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काचेतून बघत राहिले.

"मोकला लागतंय," ते म्हणाले. "हितं काहीतरी पायजे व्हता."

मी त्यांच्यानंतर बसून पाहिलं. मलाही ते दिसलं. एकदा सांगितल्यावर दिसतंच.

शेटला त्यांनी मडगार्ड काढू द्यायला सांगितलं तेव्हा शेट अक्षरशः हात जोडायला लागला. "काका, इतका सुंदर झालाय. कोण बघणार आहे बोटभर?"

"जो बसंल त्यो," बाबा म्हणाले.

दुसऱ्या मडगार्डला फर्मा नव्हता. फाइलमधला एक जुना फोटो, तोही एका अंगाने काढलेला. म्हणून बाबांनी एक युक्ती काढली. दर रविवारी मी ड्रायव्हरच्या जागी बसायचे, ते बाहेर चाकावर एक जाड तार वाकवून धरायचे आणि विचारायचे, "भरला का?" मी म्हणायचे, अजून थोडी वर. आता जास्त झाली. आता पुढून जरा खाली. मला कशाचंही ज्ञान नव्हतं, पण त्यांनी माझ्या डोळ्यावर भरवसा ठेवला. मी ते पान वाचलं नव्हतं त्याची ती शिक्षा होती की माफी, हे मी कधी विचारलं नाही. एका रविवारी मी म्हटलं, "बाबा, भरला." त्यांनी तार तशीच धरून ठेवली, स्वतः येऊन बसले, मला तार धरायला लावली आणि मान हलवली.

ठोकायला बसण्याआधी त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. "उस्ताद, माफ करना," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते जाणूनबुजून डावं-उजवं वेगळं करणार होते. पुन्हा साबण, पुन्हा ज्योत, पुन्हा तो आवाज. हात आता लवकर दुखायचा. संध्याकाळी आई तेल चोळायची आणि इटलीला शिव्या द्यायची. मडगार्ड बसवला त्या दिवशी बाबांनी वायसर बाजूलाच ठेवले आणि बॉनेट खाली सोडलं. कड आपोआप जाग्यावर बसली. बाबा रडले. मीही रडले, आणि शेट उगाच रुमालाने काच पुसत राहिला.

पहिला मडगार्ड घरी आला. आईने दुसऱ्याच दिवशी त्यात मिरच्या घातल्या.

दोनेक वर्षांनी शेटने गाडी परदेशात विकली. त्याआधी तिकडून दोन जाणकार आले, त्यांनी हातमोजे घालून, भिंग लावून एकेक भाग तपासला आणि कुठलं मूळचं, कुठलं नंतरचं ते लिहिलं. महिन्याभराने शेटचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"काका, ऐका. त्यांनी काय लिहिलंय माहितीय? पुढचा डावा मडगार्ड मूळचा. त्या दुसऱ्या कारागिराच्या हातचा."

बाबा ऐकत होते.

"मी सांगितलं त्यांना, हा भिवंडीत बनलाय, माझ्यासमोर बनलाय. तर हसले. म्हणाले, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटो माझ्याकडे होते, पहिला मडगार्ड घरात होता, इंग्रजी मला येत होतं. फोन ठेवल्याबरोबर मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता मेल लिहिते, पुराव्यासकट, तुमच्या पूर्ण नावासकट. तुमचं एक काम जगात उरलं आणि त्यावर दुसऱ्याचं नाव!

"हसले?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मंग जमला." आणि ते स्वतःच हसायला लागले, खोकला येईपर्यंत. आईने पाणी आणलं. पाणी पिऊन त्यांनी मला विचारलं, "त्या इटलीवाल्याचा नाव काय व्हता? डावीकरच्याचा?"

"फाइलमध्ये नाही."

"मंग माजा कनाला? लिवू नको."

गेल्या वर्षी बाबा गेले. मी त्यांचं ऐकलं, मेल लिहिला नाही. पण अजिबात न लिहिणं मला जमलं नाही, म्हणून हे लिहिलं, आणि त्यांचा शब्द राहावा म्हणून ह्यात कुणाचंच नाव घातलं नाही. चैत्रात आईने मडगार्ड उतरवला, तेव्हा तो मी पुसून दिला. उलट्या फर्म्यावर ठोकलेला, उजव्यासारखा डावा, सुतभरही फरक नसलेला. कुठल्याच गाडीला तो बसायचा नाही. चुकला म्हणून तो आमच्याकडे राहिला, आणि हा माझ्या बाबांनी केला असं निदान ह्याच्याबद्दल तरी मला सांगता येतं.